साहेबांच्या हस्ते खिरापत

अमरावतीच्या एका कॉलनीच्या सांस्कृतिक मंडळानं माझ्यावर आणि माझ्या आईवर आजन्म बंदी घातली आहे.

असं काही झालेलं नाही.

पत्र आलेलं नाही. पोस्टमननं सही घेतली ती त्याला सह्या जमवायचा नाद आहे म्हणून. फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला कागद विजेचं बिल आहे. विजेच्या बिलात ‘धारदार वस्तू’ असे शब्द कधीकधी येतात. मी शांत आहे. गेले नऊ दिवस मी शांत आहे, आणि या नऊ दिवसांत गिटारच्या तीन तारा तुटल्या त्या हवामानानं.

तर जे झालं नाही, ते असं झालं.

मी कुलदीप. अकोटला राहतो. शनिवार-रविवार अकोल्याच्या एका कॅफेत गिटार वाजवतो. तिथे लोक मला पाहून पाणी मागतात. आई, म्हणजे आशाबाई, बसस्टँडसमोर फुलं विकते. आमच्या दीड एकरात शेवंती आणि झेंडू आहे, आणि आईच्या हातात सुई आहे. पण अकोटच्या आमच्या आळीत आईची ओळख फुलांमुळे नाही, भुलाबाईच्या गाण्यांमुळे आहे.

भुलाबाई भादव्याच्या पुनवेला माहेरी येते आणि कोजागिरीला सासरी जाते. मधला महिनाभर रोज संध्याकाळी बाया-पोरी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत असते. खिरापत म्हणजे बंद डब्यातला खाऊ. डबा हलवून वाजवायचा, बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. आमच्या आळीत त्यात एक जादा नियम आहे: चुकलं की आणखी एक गाणं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही आणि कोणी उठत नाही.

आईकडे तिच्या आईची, पार्बताबाईची, अकरा गाणी आहेत. वहीत नाहीत, फक्त तोंडात. ती क्रमानंच म्हणायची. पहिल्यात भुलाबाई चिखलाच्या पायांनी माहेरच्या दारात येते, अकराव्यात सासरच्या वाटेला लागते. दहावर थांबलं तर ती अंजनगावच्या फाट्यावर वर्षभर उभी राहते, असं आमच्याकडे मानतात. आजवर तिला उभं राहावं लागलेलं नाही.

या जुलैत आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. फक्त हवा येते. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल. कधी, ते त्यांनी आमच्या एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीसारखं सांगितलं. आळीतल्या पोरींना चौथ्या गाण्यापर्यंत येतं, पुढे त्या फोन पाहतात. मग महिनाभर आईनं मला शिकवलं. ती कानाशी कुजबुजायची, मी गिटारवर बसवायचो.

"हे लाकूड लय बोलते," ती म्हणाली. "बाईले बोलू दे."

माझे दोनच कॉर्ड होते. त्यातला एक मी काढून टाकला.

नवरात्रात मी तिसऱ्या गाण्याचा व्हिडिओ टाकला आणि तो फिरत फिरत किसनरावांच्या फोनवर गेला. किसनराव म्हणजे त्या मंडळाचे कार्याध्यक्ष. त्यांचा फोन आला.

"कुलदीपभाऊ, आमाले असंच पाहिजे. जुनं, पण गिटारवर. म्हणजे पोरंबी येतात अन् म्हाताऱ्याबी. कोजागिरीले या. साडेपाच ते सव्वासहा, पंचेचाळीस मिनिटं पुरे तुमचे."

"अकरा गाणी आहेत. एकही कमी होणार नाही."

"बारा म्हणा नं बाप्पा!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे. त्यांनी पत्रही पाठवलं, शिक्क्यासकट; खिरापत सोबत आणावी, असंही त्यात होतं. आईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "भुलाबाई सगळीकडची एकच. यंदा तिथून धाडू. माईकवर."

कोजागिरीला सकाळी आईनं कोहळ्याचे बोंडं, म्हणजे गोड भजी, तळले, डब्यात भरले आणि आम्ही अमरावतीच्या बसमध्ये बसलो. डबा तिच्या मांडीवर, गिटार माझ्या गुडघ्यांत. तीन तास ती ओठ हलवत गाणी म्हणत होती. शेजारच्या बाईला वाटलं जप आहे; तिनं उतरताना आईच्या पाया पडून घेतलं.

हॉल मोठा होता. मंचावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव होता आणि त्याखाली भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी, मातीचे, छान रंगवलेले. आई तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथ्या खुर्चीवर बसली. तिथून भुलाबाई समोरासमोर दिसत होती. पाच मिनिटांत किसनराव हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आले.

"मावशी, हे प्रायोजकांच्या खुर्च्या आहेत. तुमी असं करा, तिकडं बसा जरासक."

"तिकडं" म्हणजे मंचाच्या लाकडी पायरीवर, स्पीकर आणि चपलांच्या ढिगाच्या मध्ये. किसनरावांनी नऊ खुर्च्यांवर ‘राखीव’चे नऊ कागद लावले. प्रायोजक आले नाहीत. ती रांग तशीच रिकामी होती. नऊ खुर्च्या आणि नऊ कागद, आणि माझी आई चपलांत.

मी शांत होतो. गिटार सुरात लावत होतो. एक खुंटी जरा जास्त पिळली गेली.

पाचला दीपप्रज्वलन होतं, ते सहाला झालं. मग सत्कार सुरू झाले. चौदा. किसनराव माझ्या कानाशी वाकले, "भाऊ, मागून बारीक वाजवत राहा. रिकामं रिकामं वाटू नये." मी वाजवलं. नववा सत्कार माझाच होता. मी वाजवत असल्यामुळे शाल खांद्यावर आणि नारळ मांडीवर ठेवण्यात आला. स्वतःच्या सत्काराला स्वतःच बारीक वाजवणारा कलाकार विदर्भात दुसरा झाला नसावा.

मग मुख्य अतिथी उठले. वामनराव, मंडळाचे आश्रयदाते, दोन पतसंस्थांचे आणि एका शाळेचे अध्यक्ष. त्यांना आठ वाजता बडनेऱ्यात दुसऱ्या कोजागिरीचं मुख्य अतिथी व्हायचं होतं, म्हणून ते थोडक्यात, पस्तीस मिनिटं बोलले. विषय होता: आपली लोकगीतं लोप पावत आहेत. "मी विचारतो, आज कोण म्हणतं ही गाणी? कोणाला वेळ आहे?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा बूट माझ्या केबलवर होता.

आई पायरीवरून माझ्याकडे पाहत होती. मी घड्याळाकडे पाहत होतो. सात वाजून पाच मिनिटं.

किसनराव पुन्हा वाकले. "भाऊ, एकच म्हणा. छोटंसं. मंग साहेबांच्या हस्ते खिरापत, मंग दूध."

"पंचेचाळीस मिनिटं लिहून दिली होती तुम्ही."

"लिहून देलं नं? मंग? लिहिलेलं कोठं जाते?"

असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. माणूस रागात असतो तेव्हा त्याची शाल कोणी नीट करू नये. मी खाली आईकडे गेलो आणि सांगितलं. तिनं मान वळवून भुलाबाईकडे पाहिलं.

"एकच?" ती कुजबुजली.

"एकच."

"अन् बाई अर्ध्या वाटेत?"

"मी आत्ता माईकवर सगळं काढतो यांचं."

"काढू नको. गाणं म्हण. तू सुरू त कर."

मी पहिलं गाणं म्हटलं. चिखलाचे पाय, माहेरचं दार. अडीच मिनिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, किसनरावांनी घड्याळ दाखवलं, आणि निवेदन करणारी प्रणाली नावाची कॉलेजची मुलगी कागद पाहून म्हणाली, "आता क्रमांक नऊ. मुख्य अतिथींच्या हस्ते खिरापत ओळखणे."

हे मी रचलेलं नाही. त्या मंडळात सगळं कोणाच्या तरी हस्ते होतं. ओळखणं हस्ते कसं होतं हे कोणी विचारलं नव्हतं. साहेब एकदा डबा ऐकतील, काहीतरी म्हणतील, बरोबर म्हणून टाळ्या होतील, फोटो निघेल, असा किसनरावांचा बेत होता.

मी माईक ओढला. "आमच्या आळीचा एक नियम आहे. चुकलं की आणखी एक गाणं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही आणि कोणी उठत नाही."

वामनराव हसले. "अरे, आम्ही याच मातीतले! एका झटक्यात ओळखतो."

"साहेब चुकत नसतात," किसनराव म्हणाले, आणि माईकवर म्हणाले. त्या संध्याकाळची ती सगळ्यात महाग चूक होती.

प्रणालीनं आईकडून डबा घेतला आणि माईकपाशी धरून हलवला. खळ्ळ, टण्.

"खारका," वामनराव म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली: नाही. मी दुसरं गाणं म्हटलं.

खळ्ळ, टण्.

"बत्तासे."

नाही. तिसरं गाणं. आता मलाही काहीतरी खटकत होतं. कोहळ्याचे बोंडं मऊ असतात. ते धप्प असं काहीतरी वाजतील, टण् करणार नाहीत. मी पुन्हा आईकडे पाहिलं. ती डब्याकडे पाहत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या. मग तिनं हात वर केला, चिमटीत काहीतरी धरलं आणि हळूच ओढलं. तिनं हवेत एक फूल ओवलं.

आमच्या घरी सारखे दोन डबे आहेत. एकाच लग्नात परतीच्या आहेरात आलेले, झाकणावर एकच नाव कोरलेले. एकात खिरापत होती. दुसऱ्यात आईच्या हार ओवायच्या सुया, दोऱ्याची रिळं आणि कात्री असते, आणि हात आपोआप रोजच्याच डब्याकडे जातो. बोंडं अकोटला ओट्यावर होते.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. चूक झाली म्हणून माईकवर माफी मागायची, हे एक. दुसरी वाट मला आईनं दाखवली. तिनं तीन बोटं वर केली: तीन झाली. मग दोन्ही पंजे धरून दोन बोटं मिटली: आठ राहिली. आणि पदर सावरून पायरीवर ऐसपैस बसली.

मी एकदाही खोटं बोललेलो नाही. साहेब जे जे म्हणाले ते ते डब्यात खरोखर नव्हतं.

"फुटाणे."

चौथं गाणं झालं. पाठीमागच्या रांगांत हालचाल सुरू झाली. पिशव्यांतून टिपऱ्या निघाल्या. बायांनी खुर्च्या सरकवल्या आणि पुढे येऊन खाली बसल्या.

"अक्रोड."

पाचवं. किसनराव घामाघूम होऊन पुढे आले. "साहेब, उशीर होऊन राह्यला. उघडूनच टाकू नं."

"उघडायचा नाही डबा!" समोर बसलेल्या एक ऐंशीच्या बाई कडाडल्या. त्यांना सगळे शकुनकाकू म्हणत होते. "ओळखल्याबिगर उघडला त वर्षभर घरात भांडणं. आमच्या दर्यापुरातबी असंच होतं. बसा खाली!"

किसनराव खरंच खाली बसले. जागा नसल्यामुळे राखीव खुर्चीवर बसले. कागद त्यांच्या पाठीला चिकटला आणि पुढे तासभर ते ‘राखीव’ म्हणून फिरले.

पण डबा उघडू द्यायला वामनरावच तयार नव्हते. दोन पतसंस्था आणि एक शाळा इतक्या लोकांसमोर चुकू शकत नाहीत. "थांबा," ते म्हणाले. "मी ओळखतो. पुन्हा हलवा." दारात त्यांचा ड्रायव्हर उभा राहून मनगटावर बोट मारत होता. त्यांनी त्याला हातानंच हाकललं आणि बायकोला फोन लावला. प्रणालीनं सवयीनं त्या फोनपुढेही माईक धरला.

"हॅलो, डबा हलवला तर खळ्ळ-टण् वाजते असं काय असते?"

"तुमी कोठं आहात?" हॉलभर आवाज घुमला. "बडनेऱ्यावाल्यांचे चार फोन आले! काहून डबे हलवून राहिले तिकडं?"

"खडीसाखर," वामनराव आम्हाला म्हणाले.

सहावं गाणं. सहाव्यात भुलाबाईची सासू परसातल्या शेंगा मोजून ठेवते. बाया टिपऱ्यांवर इतक्या जोरात होत्या की माझी गिटार ऐकूच येत नव्हती, आणि ते आईला आवडलं असावं, कारण ती पायरीवर तळहातानं ताल देत होती. सातवं गाणं ‘साखरफुटाण्या’वर मिळालं. आठवं ‘शंकरपाळे, पण जुने’ यावर. साहेबांनी तोवर जाकीट काढलं होतं. नववं ‘सुपाऱ्या’वर.

"साहेब," शकुनकाकू म्हणाल्या, "बाईचं माहेरपण तुमच्या हातानं लांबून राह्यलं, पुण्य लागन तुमाले."

वामनरावांचा चेहरा लाल झाला. भाषणाची मराठी आता संपली होती. "काही नाही त्याच्यात! रिकामा आहे डबा! बनवून राहिले हे लोक मले!"

प्रणालीनं डबा हलवला. टण्.

"रिकामा कसा असन हो?" शकुनकाकू म्हणाल्या. "रिकामा असता त भाषण केलं असतं त्यानं."

दहावं गाणं हसण्यातच सुरू झालं. ते आम्ही अर्ध्यातून पुन्हा म्हटलं, कारण आईनं हातानं खूण केली: नीट.

दहा. अजून एकदा चुकायला हवं होतं आणि साहेब आता गप्प होते. डब्याकडे पाहत होते. मी आयुष्यात कधी कोणाच्या चुकीसाठी इतकी प्रार्थना केलेली नाही. एकदा त्यांची नजर पायरीवरच्या आईवर गेली, तिच्या बोटांवर गेली. दोऱ्यानं पडलेल्या रेघा होत्या तिथे. मला वाटलं, संपलं, याला कळलं.

"कोण आहे ही बाई?" त्यांनी किसनरावांना विचारलं.

"कोणी नाही साहेब. गिटारवाल्यासंगं आली."

"मंग ठीक," वामनराव म्हणाले. "काजू."

अकरावं गाणं मी त्याच एका कॉर्डवर म्हटलं. बाया गप्प झाल्या, कारण हे त्यांना येत नव्हतं; हे फक्त पार्बताबाईचं.

*गाडी जुपली दारात, बाई मागं पाहू नको,*
*पदराला माती बांधली, वाटेत सोडू नको.*

आई माझ्याबरोबर म्हणत होती. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठ झाली होती. आवाज आला नाही. गोष्टीत असा आवाज येतो. इथे फक्त हवा आली. पण ती एकही शब्द चुकली नाही. शेवटच्या ओळीला तिनं ज्वारीच्या मांडवाकडे हात जोडले, आणि भुलाबाई गेली. आठ वाजून वीस मिनिटांनी, अमरावतीहून, पूर्ण वाटेनं.

त्यानंतर वामनरावांनी डबा हिसकावला आणि उघडून आत हात घातला.

त्यांच्या अंगठ्याला सुई लागली. रक्ताचा एक थेंब निघाला. मंडळाच्या फोटोग्राफरनं त्याचे अकरा फोटो काढले. किसनराव, पाठीवर ‘राखीव’ घेऊन, ओरडत आले, "फसवणूक! खिरापतच नाही त्याच्यात! सुया आहेत!"

"चुकून दुसरा डबा आला," मी म्हणालो. "खिरापत अकोटला आहे. पंचेचाळीस मिनिटं पाळली असती तर डबा इतक्यांदा वाजवायची वेळच आली नसती. लेखी होतं."

"लेखी!"

"लिहिलेलं कोठं जाते," मी म्हणालो.

त्यांनी डबा पुरावा म्हणून जप्त केला, ऑफिसच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. आम्हाला दूध दिलं नाही. शकुनकाकूंनी फाटकापर्यंत येऊन दोन पेले दिले आणि आईला म्हणाल्या, "अकरावं मले लिहून धाडा." आई म्हणाली, "लिहीत नसते ते. अकोटले या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अकरा झाली नं? चाल मंग."

घरी बोंडांना मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या झटकून खाल्ले.

आणि मग ते विजेचं बिल आलं, ज्यात लिहिलं आहे की आम्ही ‘बनावट खिरापत सादर केली’, ‘धारदार वस्तू सभागृहात लपवून आणली’ आणि ‘मुख्य अतिथींच्या अंगठ्यास इजा केल्यामुळे त्यांना दोन दिवस सह्या करता आल्या नाहीत’. आजन्म बंदी. आईचं नावही त्यात नाही. ‘सोबतची महिला’ आहे. त्या शब्दांवर माझी पहिली तार तुटली.

दिवाळी तोंडावर आहे. शेवंती तयार आहे. आई बाजारातल्या नव्या सुईनं ओवते, ती वाकते, ती सरळ करते, पुन्हा ओवते. काही बोलत नाही. म्हणून मी आज बसून लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं, ते असं:

प्रति, मा. कार्याध्यक्ष, सांस्कृतिक मंडळ. विषय: जप्त डबा व खुर्ची यांबाबत. महोदय, आपल्या कपाटातील डब्याचे आतील मुद्देमालासह (सुया दोन, रिळे दोन, कात्री एक) अकोट येथे, मा. वामनराव साहेबांच्या हस्ते, साध्या एसटीने येऊन, सुट्टे पैसे जवळ ठेवून, श्रीमती आशाबाई यांच्याकडे त्यांचे पूर्ण नाव घेऊन प्रत्यार्पण करण्यात यावे. तसेच सभागृहातील तिसऱ्या रांगेतील डावीकडून चौथी खुर्ची उक्त आशाबाई यांच्या नावे कायमची राखीव करण्यात यावी, त्या हजर असोत वा नसोत. आणि दरवर्षी कोजागिरीस सायंकाळी साडेपाच ते सव्वासहा या पंचेचाळीस मिनिटांत सदर खुर्चीसमोर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, आश्रयदाते अथवा अन्य कोणाही पदाधिकाऱ्याने तोंड उघडू नये, असा ठराव सर्वानुमते मंजूर करून त्याची शिक्का मारलेली प्रत पंधरा दिवसांच्या आत आमच्याकडे पाठवावी, ही विनंती.